हस्तिदंती मूठ

माझा काका जन्मभर दुसऱ्यांच्या कपाटांना पॉलिश करत राहिला. स्वतःच्या घरात मात्र त्याने एकाच कपाटाची निगा राखली, चाकूंच्या. कमरेइतकं उंच, सहा उथळ खणांचं ते कपाट एका दुकानाने मोडीत काढलं होतं. काकाने ते उचलून आणलं, खणांत जाड मऊ कापड अंथरलं आणि त्यावर एकसष्ट चाकू मांडले. सगळे घडीचे, खिशात मावणारे. त्यातल्या एकाही चाकूने काकाच्या घरात आल्यापासून साधी काकडीसुद्धा चिरली नाही. काकू म्हणायची, "घरात एकसष्ट चाकू, आणि मी दोरा दाताने तोडते."

काकाला पात्यांचं कौतुक नव्हतं. "पातं काय, सगळ्यांचं लोखंडच," तो म्हणायचा. "माणसाचा हात राहतो मुठीवर. चाकू कोणाचा होता ते मूठ सांगते." प्रत्येक चाकूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे. चिठ्ठीवर ना साल, ना कारखान्याचं नाव. फक्त मूठ कशाची आहे ते. म्हशीचं शिंग. हाड. शिसवी. शिंपला. सांबरशिंग. आणि खाली बारीक अक्षरात, कोणाकडून आला ते. माळी. पोस्टमनची बायको. धारवाला, दुसऱ्यांदा. या 'दुसऱ्यांदा'चा अर्थ मला कळेना, तेव्हा मी विचारलं. काका म्हणाला, "पहिल्यांदा मागितला तेव्हा दिला नाही ना त्याने."

असा माणूस. अंगाने काटकुळा, नखं पॉलिशने कायमची तपकिरी झालेली, बोलणं मोजकं आणि बरंचसं वाकडं. चाळीस वर्षं लोकांच्या टेबलांना, पलंगांना चकाकी आणली, पण चाकूच्या मुठीला त्याने कधी पॉलिशचा बोळा लावला नाही. लाकडावरची चकाकी बोळ्याची असते, मुठीवरची चकाकी हाताची, असं त्याचं म्हणणं. ते मला पटायचं. त्याची बाकीची बरीचशी मतं पटायची नाहीत, पण ती सांगायला बसले तर हे राहून जाईल.

त्या पॉलिशने आणि स्पिरिटने काकाचं नाक मात्र खाल्लं. दहा वर्षांपूर्वी एकदा काकूचं दूध उतू जाऊन करपलं, अख्ख्या इमारतीला कळलं, आणि काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेला. तेव्हापासून त्याला माझी गरज लागायला लागली. कारण मूठ कशाची हे ओळखायची त्याची शेवटची परीक्षा वासाची होती. सुई गॅसवर तापवायची, मुठीच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, टेकवायची आणि वास घ्यायचा. जळक्या केसांचा वास आला की शिंग. दवाखान्यात यंत्राने दात कोरताना येतो तसला वास आला, की हाड किंवा दात. लाकडाचा लाकडासारखा. आणि कापूर आला की सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं कापरापासून केलेलं प्लास्टिक, मग सुई झटकन मागे घ्यायची, कारण ते भप्पकन पेटतं.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टर दात कोरतात तेव्हा मी लाळ ओढणारी नळी धरते, त्यामुळे दाताचा वास मला झोपेतही ओळखू येईल. काकाने हे हेरलं. नवीन चाकू आला की तो जिन्याच्या तळाशी उभा राहून हाक मारायचा, "नाकू, खाली ये गं!" दवाखान्यात मला सगळे ताई म्हणतात. इमारतीत चाळिशी उलटलेली नाकू.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे आई गेल्यापासून मी आणि माझे बाबा. काका-काकू तळमजल्यावर. बाबा काकाहून सहा वर्षांनी मोठे आणि घरांना रंग देणारे. त्यांचे वडीलही रंगारीच होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. मधल्या चौतीस पायऱ्यांवरून दोन्ही घरांचे निरोप माझ्या डोक्यावर होते. कारण दोघा भावांचं बोलणं बंद नव्हतं. बंद असतं तर बरं झालं असतं, निदान स्पष्ट तरी असतं. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा आणि मीटर, एवढ्या तीन विषयांवर ते बोलत. बाकी सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या काकाला सांग, खोकला फार दिवस राहिलाय, दाखवून घे म्हणावं." "तुझ्या बापाला सांग, या वयात शिडीवर चढू नको म्हणावं." मी आपली वरून खाली आणि खालून वर. नाकी नऊ यायचे.

हे सगळं एका चाकूवरून झालेलं. तीस वर्षांपूर्वी आप्पांनी काम सोडलं, त्या दिवशी त्यांनी शिडी आणि ब्रश बाबांना दिले आणि खिशातला चाकू काकाला दिला. फिकट पिवळसर मुठीचा छोटा चाकू, त्याने ते रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटत. काका तो मुठीत घेऊन घरी आला आणि सगळ्यांना म्हणाला, "आप्पांनी मला हस्तिदंताच्या मुठीचा चाकू दिला." बाबा काहीच बोलले नाहीत. धाकट्याला हस्तिदंत आणि मला शिडी, एवढंच ते पुढे कधीतरी आईजवळ म्हणाले, आणि आईने ते मला सांगितलं. आप्पा गेल्यावर बाबांनी तो चाकू आठ दिवसांसाठी मागितला. काका म्हणाला, "इथे येऊन बघ ना. बाहेर कशाला न्यायचा?" बाबा गेले नाहीत. कधीच गेले नाहीत.

आणि काकाने त्या चाकूला सोबत म्हणून दुसरा घेतला. मग तिसरा. असे आणखी साठ झाले. आप्पांचा चाकू तिसऱ्या खणाच्या मधोमध असायचा, आणि त्याच्या चिठ्ठीवर मुठीखाली कोणाचंच नाव नव्हतं. नुसतं 'हस्तिदंत'. हल्ली हस्तिदंत म्हटलं की लोक भुवया चढवतात, म्हणून काका तो चाकू बाहेरच्या कोणाला दाखवायचा नाही. चाकू बघायला दोन-चार षौकीन यायचे, तेव्हा तिसरा खण उघडायच्या आधी तो चाकू काकाच्या खिशात गेलेला असायचा.

गेल्या वर्षी त्याच चाकूच्या पात्यावर गंज दिसला.

काकाच्या तोंडचं पाणी पळालं. दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात फिरत होता, तरी पात्याच्या पाठीवर तांबूस फोड आले होते आणि मुठीला आडव्या बारीक भेगा गेल्या होत्या. "हस्तिदंत जुना झाला की भेगा पडतात," काका म्हणाला, पण स्वतःलाच समजावल्यासारखं. पुढच्या महिन्यात शेजारच्या दोन चाकूंना गंज चढला. मग आणखी तीन. पितळी पट्ट्यांवर हिरवी बुरशी धरल्यासारखं झालं. पोस्टमनच्या बायकोने दिलेला चाकू तर उघडेचना.

पहिला संशय ओलीवर. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. मग संशय काकूच्या ओल्या हातांवर, ज्यावरून दोन दिवस जेवताना कोणी बोललं नाही. मग बुटांच्या खोक्यांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. आसपासच्या सगळ्या बुटांच्या दुकानांत जाऊन मी त्या मागून आणल्या, लोकांनी मला वेड्यात काढलं. गंज थांबेना. शेवटी काकाने आप्पांच्या चाकूला आजारी माणसासारखं त्या खणातून हलवलं आणि पहिल्या खणात, शिंपल्याच्या मुठींच्या शेजारी, सगळ्यात कोरड्या जागी ठेवलं.

दोन महिन्यांत तिसऱ्या खणातला गंज जिथल्या तिथे थांबला. आणि पहिल्या खणात सुरू झाला.

"गंज त्याच्या मागे लागलाय," काका म्हणाला.

"मागे यायला गंज म्हणजे मांजर आहे का?" मी म्हणाले. पण माझ्याही डोक्याचा भुगा झाला होता. काकाने एका कागदावर सहा खणांचा नकाशा काढला आणि गंजलेल्या चाकूंवर लाल फुल्या मारल्या. आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत बसायचो. काकू म्हणायची खिडकी. मी म्हणायचे कापड, कोणास ठाऊक त्यात काय असेल. काका नुसत्या फुल्या मोजत राहायचा. आता सगळं समोर असताना तो कागद बघितला की माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा खरोखर काही सुचत नव्हतं. आपण मूर्ख आहोत हे आधी कोणाला कळतं?

काकाला एक गोष्ट माहीत होती, आणि ती त्यानेच मला शिकवली होती. सेल्युलॉइड जुनं झालं की आतून सुटायला लागतं आणि त्याची वाफ शेजारच्या चाकूंना खाते. म्हणून त्याच्याकडे सेल्युलॉइडच्या मुठीचे जे चार चाकू होते, ते त्या एकसष्टांत धरलेले नव्हते. त्यांना गॅलरीत, भोकं पाडलेल्या डब्यात, जातीबाहेर ठेवलं होतं. आता त्याला वाटलं, एखादा सेल्युलॉइडचा चाकू आपल्याला फसवून शिंग म्हणून आत शिरलाय. म्हणून दोन रविवार आम्ही सगळ्यांची परीक्षा घेतली. काका सुई तापवायचा, मी नाक पुढे करायचे. केस. केस. दात. लाकूड. दात. माझं डोकं उठलं, जेवणावरची वासना गेली. साठ चाकू झाले आणि एकही कापूर निघाला नाही.

"आणि हा?" मी पहिल्या खणाकडे बोट दाखवलं.

"तो आप्पांचा आहे."

"आप्पांचा असला म्हणून काय झालं? साठांना लावली तशी लाव सुई."

"बापाच्या वस्तूला चटका देऊ?" काकाचा आवाज चढला. "तोच तर बिचारा सगळ्यात आधी आजारी पडला. ठेव ती सुई."

मी सुई ठेवली. पण खण लावता लावता मी नाक मुरडलं आणि सहज म्हणाले, "काकू, कापूर जरा कमी घालत जा ना खणात. डोकं दुखतं."

काकूचं कपड्यांचं कपाट त्याच खोलीत, आणि त्यात ती किड्यांसाठी कापराच्या वड्या ठेवते. सगळ्या खोलीलाच तो वास. इतकी वर्षं चाकूंच्या खणात तो आला की मला वाटायचं, हिने इथेही घातल्या असणार.

"मी कुठे घालते?" काकू म्हणाली. "माझा हात तरी लावून देतो का हा? तोच घालतो. मला वाटायचं, पात्यांसाठी काही औषध असेल."

"मी?" काका म्हणाला. "मला वास तरी येतो का?"

मग तिघंही त्या खणाकडे बघत राहिलो. कापूर माझ्या नाकात, घरात कापूर कोणी घातलेला नाही, आणि कापराचा अर्थ काय तो मला दहा वर्षं पाठ. इतकं असून मला दोन आणि दोन चार करता आले नाहीत. काकाला आले. त्याच्या चेहऱ्यावरून रक्त उतरलं ते मी बघितलं होतं, फक्त ते कशामुळे ते मला नंतर समजलं. कारण पुढच्याच क्षणी तो ओरडला.

"तुझ्या बापाचं काम आहे हे!"

"काय?"

"त्याच्याकडे आमची किल्ली असते. त्याच्याकडे थिनर असतं, अॅसिड असतं, काय काय असतं. तीस वर्षं त्याच्या पोटात हे सलतंय. जा, विचार त्याला, माझ्या कपाटात काय ओतलंस म्हणावं!"

काकू म्हणाली, "अहो, तोंडाला काही धरबंध?" मला इतका राग आला की मी थेट वर गेले. चौतीस पायऱ्या चढताना मी ठरवत होते की निरोप जरा मवाळ करून सांगायचा. तीस वर्षं मी तेच करत आले. पण दारात बाबा ब्रश धूत बसलेले दिसले, सत्त्याहत्तर वर्षांचे, पाठीला पोक आलेले, आणि माझ्या तोंडून जसंच्या तसं निघालं. "काका म्हणतो, तुम्ही त्याच्या चाकूंवर अॅसिड ओतलंत."

बाबांनी ब्रश डब्यात उभा केला. हात पुसले. चप्पल न घालता खाली निघाले. मी मागे.

बाबा त्या खोलीत तीस वर्षांनी येत होते. मला वाटलं, आता काही खरं नाही. डोक्यात राख घालून आलेला माणूस दारातच थबकला, कारण काकाने सहाही खण बाहेर काढून पलंगावर मांडले होते. बाबा बघतच राहिले. खाली वाकून त्यांनी एक चिठ्ठी वाचली. दुसरी वाचली. "धारवाला, दुसऱ्यांदा," ते मोठ्याने म्हणाले, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्यांच्या मिशीत हसू आलं होतं. मग त्यांनी गंज बघितला. मग पहिल्या खणातला तो चाकू.

"हात लावू नकोस," काका म्हणाला.

"नाही लावत. तुझ्या हस्तिदंताला मी तेव्हाही हात लावला नव्हता, आताही लावत नाही."

"मग कापूर कुठून आला?"

"मला काय माहीत कापूर कुठून आला? कापूर घालायला मला काय वेड लागलंय?"

"मग किल्ली—"

"बास!" हे मी ओरडले. दोघंही माझ्याकडे वळले, कारण मी सहसा ओरडत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन सुई तापवून आणली. काकाच्या समोरून आप्पांचा चाकू उचलला. त्याने अडवायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला. मूठ बोटांना जराशी चिकट लागली. मी सुई आतल्या कडेला टेकवली, आणि ती लोण्यात जावी तशी आत गेली.

हस्तिदंतात सुई जात नाही. हस्तिदंत म्हणजे दातच, आणि दाताचा वास कसा येतो हे मला कोणी सांगायला नको. मी नाक खाली नेलं. कापूर. त्यामागे काहीतरी आंबट, घशाला टोचणारं. मी सुई ओढून घेतली.

"काय आलं?" काकाने विचारलं.

त्याला वास येत नव्हता. थिनरने बाबांचंही नाक कधीच गेलेलं. काकू दारात उभी, तिथवर काही पोचलं नसणार. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एक शब्द, 'दात', एवढाच म्हणायचा होता. आप्पा खरे राहिले असते, काकाचा खण राहिला असता, आणि हळूहळू एकसष्टच्या एकसष्ट चाकू गंजून गेले असते आणि त्याचा आळ बाबांवर राहिला असता. काका माझ्याकडे बघत होता. दवाखान्यात दात काढावाच लागेल का, असं विचारताना माणसं बघतात तसं.

"कापूर," मी म्हणाले.

काका पलंगाच्या कडेवर बसला. तो नखांकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे आप्पा माझ्याशी खोटं बोलले."

मला रडू आलं. गंजाचं काय, गंज घासून काढता येतो. पण तीस वर्षं भावाशी वाकडं घेऊन, घरभर चाकू मांडून, हा माणूस ज्या एका शब्दावर उभा होता, तो मी सुईने काढून घेतला होता. काकूने माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाबा मात्र विचारात पडले होते. "आप्पा काय म्हणाले होते तुला?" त्यांनी विचारलं.

"सांगितलंय ना तेव्हा."

"तेव्हाचं सोड. त्यांनी चाकू हातात दिला, तेव्हा त्यांचे शब्द काय होते? त्यांच्या तोंडचे शब्द सांग."

काकाने डोळे मिटले. "अंगणात बादल्या धूत होते. चाकू दिला आणि म्हणाले, मूठ हस्तिदंती आहे. जपून."

"हस्तिदंती?"

"हो."

"हस्तिदंताची नाही? हस्तिदंती?"

"हस्तिदंती. एकच झालं ना."

"बारक्या," बाबा म्हणाले. या नावाने त्यांनी काकाला शेवटची हाक कधी मारली होती हे मला आठवत नाही, कदाचित मी ऐकलीच नसेन. "बारक्या, अरे, आप्पा रंगारी होते! त्यांना एकच हस्तिदंती ठाऊक. पांढऱ्याच्या डब्यात चमचाभर पिवळा. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांनी हस्तिदंती केल्या. हत्ती त्यांनी जन्मात बघितला असेल का?"

काका तोंड उघडून बघत राहिला.

"बदामी भिंतीत आपण कधी बदाम घातले होते का?" बाबा म्हणाले. "मोतियात मोती घातले? तू पॉलिशच्या दुकानात गेलास, तुला त्यांची भाषा कळेनाशी झाली. रंग सांगितला रे त्यांनी तुला! कोणता चाकू ते कळावं म्हणून रंग सांगितला!"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मला कुठे सांगितलंस ते काय म्हणाले? तू आलास आणि म्हणालास हस्तिदंताची. मी म्हटलं, असेल. धाकट्याला दिला असेल." बाबांनी दोन्ही हात वर केले. "तीस वर्षं मी मनात म्हणतोय, धाकट्याला हस्तिदंत आणि मला शिडी. ती शिडीसुद्धा पुढे मोडली माझी."

काकू पहिली हसली. ती हसली ते थांबेना, पदर नाही की रुमाल नाही, तळहाताने डोळे पुसत राहिली. मग बाबा. मी हसत होते की रडत होते ते मलाही सांगता येणार नाही. काका हसला नाही. तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता, ओठ हलत होते.

"मग जपून का म्हणाले?" तो म्हणाला. "झाकणं उचकटायच्या चाकूला जपून का म्हणतील?"

 बाबा म्हणाले, आप्पांचा असल्याच सेल्युलॉइडचा एक कंगवा होता, तो विडीच्या ठिणगीने हातातल्या हातात पेटला होता, भुवया जळल्या होत्या. म्हणजे पेटेल, सांभाळ, अशा अर्थाने असेल. काकू म्हणाली, छे, बाप मुलाला वस्तू देतो तेव्हा जपूनच म्हणतो, नीट ठेव अशा अर्थाने. काका म्हणाला, पातं फार धारदार होतं तेव्हा. तिघांनी तीन अर्थ लावले. आप्पा हयात असते तर त्यांनी चौथाच सांगितला असता. तो शब्द आमच्यात तसाच पडून राहिला.

चाकूचं काय करायचं हा प्रश्न होताच. कपाटात परत ठेवणं शक्य नव्हतं. गॅलरीतल्या डब्यात, जातीबाहेरच्या त्या चौघांत टाकायचा, तर काकाचा हात धजेना. फेकून द्यायचं नाव कोणी काढलंच नाही. लोखंडाजवळ नको, विस्तवाजवळ नको, बंद डब्यात नको, एवढं काकानेच सांगितलं, पाठ म्हटल्यासारखं. आणि मग म्हणाला, "या घरात अशी जागाच नाही."

बाबा पायांकडे बघत होते. अनवाणी पाय, नखांत पांढरा रंग.

"मला दे," ते म्हणाले. "माझ्याकडे गंजण्यासारखं काही नाही."

काकाने चाकू उचलला. चिठ्ठीची गाठ त्याला सोडवता येईना, म्हणून काकूने दोरा दाताने तोडला. 'हस्तिदंत' लिहिलेली चिठ्ठी काकाने खिशात ठेवली. मग त्याने चाकू बाबांच्या हातात ठेवला, आणि ठेवल्यावरही लगेच सोडला नाही. दोघांची बोटं थोडा वेळ त्या मुठीवर होती, एकाची तपकिरी नखं आणि एकाची पांढरी.

बाबा जिना चढायला लागले. एका हातात चाकू, दुसरा हात कठड्यावर. काका दारात येऊन उभा राहिला. सहाव्या-सातव्या पायरीवर बाबा जरा डगमगले, किंवा मला तसं वाटलं.

"दादा," काकाने खालून हाक मारली. "जपून."

बाबांनी मागे वळून न बघता मान हलवली. चाकूला म्हणाला, आगीला म्हणाला की पायऱ्यांना, ते मी कोणालाच विचारलं नाही.